मुराळ्याची सायकल

माळाच्या अलीकडच्या अंगाला एक गाव होतं. त्या गावात अमीन मुजावर नावाचे एक वस्ताद होते, आणि त्यांना प्रश्न विचारून दमवणारा मन्मथ तोडकर होता. माळाच्या पलीकडच्या अंगाला होनवाडी होती. होनवाडीत मन्मथची एक रुसलेली आत्या होती, बसव्वा. आणि मधे थोडं डांबर, मग नुसता मुरूम आणि खडी.

“…ते सगळं खरं, वस्ताद. पण दोन सायकलींतली घ्यायची कुठली?”

तालमीच्या पायरीवर बसून वस्ताद सुपारी कातरत होते.

ही तालीम पैलवानांची नव्हे, सायकलींची. निम्मं गाव सायकल शिकलं ते इथंच. वस्तादांनी मागून सीट धरायची, पोरानं पुढं बघायचं, आणि वस्तादांनी हात कधी सोडला हे पोराला कधी कळायचं नाही. मन्मथचे वडील शिवाप्पा असेच शिकले होते.

त्या काळात वस्ताद बाजारतळावर आठवडा आठवडा सायकल चालवायचे. रात्रंदिवस गोल गोल, जमिनीला पाय न लावता. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, डुलकी लागली तर तीही सायकलवर. कर्ण्यावर गाणी लागायची. बाया भाकरी टोपलीत झाकून, पोरं कडेवर घेऊन बघायला जायच्या, आणि घरी चूल विझलेली असायची. शिवाप्पानं एकदा विचारलं होतं, वस्ताद, इतकी चालवली, कुठवर गेलात? वस्ताद म्हणाले होते, बाजारतळावरच होतो की.

आता बाजारतळावर मोबाईलची दुकानं झाली. तालमीत कोळ्यांनी जाळी धरली. पण पायरी तीच, आणि वस्तादही त्याच पायरीवर.

मन्मथ साखर कारखान्यात इंजिनिअर. माणूस हुशार, वाचलेलं विसरत नाही, आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवायही राहत नाही. चप्पल घ्यायची झाली तरी आठ दिवस अभ्यास करायचा. आता सायकल घ्यायची, तर उन्हाळा गेला, आषाढ आला, तरी अभ्यास चालूच.

सायकल लागत होती ती आत्यासाठी.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मन्मथ आणि गिरिजाच्या घरात पाळणा हलला होता. मुलगी झाली, दुधावरच्या सायीसारखी. पण तिला नाव नव्हतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि मन्मथला बहीण नाही. मग उरली त्याचीच आत्या. मन्मथची आई, शांताक्का, हट्टाला पेटली. म्हणाली, माझ्या लेकराचं नाव हिनंच ठेवलं, नातीचंही हीच ठेवील. नाहीतर राहू दे पोर बिननावाची.

म्हणून मन्मथ बसव्वाला आणायला गेला होता. नवी मोटार घेऊन गेला. होनवाडीच्या अलीकडे डांबर संपतं, तिथं मोटारीचं पोट खडीला घासायला लागलं. त्यानं तिथंच झाडाखाली मोटार उभी केली आणि आत्याला फोन लावला. म्हणाला, आत्या, जरा रस्त्यापर्यंत चालत ये, गाडी आत येत नाही.

आत्या नवं लुगडं नेसून, बोचकं काखेत मारून दारात उभीच होती. तिनं फोन ऐकला. घरात गेली, बोचकं खुंटीला लावलं, आणि दाराला आतून कडी घातली.

निरोप नंतर आला. मुराळी वाटेत उभा राहून हाका मारत नाही. माझा भाऊ दर पंचमीला मला न्यायला सायकलवरनं माझ्या उंबऱ्यापर्यंत यायचा. तसं कुणी आलं तर येईन. नाहीतर पोरीला काय हाक मारायची ती मारा.

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. भाऊ असेल, भाचा असेल. त्याला पायावर पाणी, बसायला घोंगडी, गोडाचं जेवण. शिवाप्पा गेला आणि बसव्वाच्या दारात मुराळी यायचा बंद झाला. आधी पंचमीच्या तोंडावर ती वाट बघत बसायची. पुढं वाट बघणंही सोडलं.

मन्मथला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलायचं. पण वाईट वाटलं तरी त्यानं केलं तेच, जे त्याला येत होतं. अभ्यास.

त्याला कळलं की अशा वाटांसाठी वेगळी सायकल निघाली आहे. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला, म्हणजे खडीची सायकल. डांबरावर पळते, मुरमावर घसरत नाही, सामान बांधून चार-चार दिवसांच्या प्रवासाला जाता येतं. त्यानं सगळ्या बघितल्या. चाळता चाळता दोन राहिल्या. एक हलकी, एका हातानं उचलावी अशी. एक पोलादी, जड.

इकडे पोरीला दात आले. ती रांगायला लागली. घरात कुणी तिला ठकी म्हणायचं, कुणी चिमणी, कुणी नुसतंच अगं ए. पंचमी आठवड्यावर आली.

हलकी सायकल दुकानदारानं चालवून बघायला दिली होती. ती घेऊन मन्मथ तालमीत आला होता, आणि प्रश्न विचारून वस्तादांच्या तोंडाकडं बघत उभा होता.

वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला. सायकलीकडं बघितलं. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. टायर जाड, बुटक्या बुटक्या गोट्यांचे.

“हवा कुठनं भरायची?”

मन्मथनं चाकाला असलेली बारीक पितळी नळी दाखवली. टोकाला इवलासा आटा. तो सैल करायचा, मग हवा भरायची. वस्तादांनी बोटानं चाचपून बघितलं, लहान मूल दुसऱ्याच्या कानातला डूल बघतं तसं.

“ह्याच्यात ट्यूबच नाही, वस्ताद. आत दुधासारखं औषध असतं. काटा लागला तर भोक आपोआप बुजतं. बाभळीचा काटा गेला तरी हवा जात नाही.”

“जात नाही?”

“अजिबात नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

वस्तादांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. बराच वेळ चघळलं.

“मग काय उपयोग…”

मन्मथ मनात हसला. म्हातारपण, त्याला वाटलं. आणि तो सामानाचं सांगायला लागला. ही पिशवी सीटखाली, ही दांड्यात, ही हँडलवर. हिच्यात तंबू, हिच्यात अंथरूण, हिच्यात बारका स्टोव्ह. वाटेत माळावर एक मुक्काम करायचा, सकाळी होनवाडीत आत्याच्या उंबऱ्यावर.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. लुंगी सावरली. सायकलीच्या मागं गेले आणि बायका बसतात तसे तिला पाठ करून, एका अंगानं उभे राहिले.

मग हात मागं नेऊन चाचपडायला लागले.

हाताला सीटखालची निमुळती पिशवी लागली. त्याच्या मागं काही नाही. खाली नुसतं चाक.

वस्ताद तसेच उभे. बसायला निघालेला माणूस मधेच थांबला की दिसतो तसे.

“काय शोधताय, वस्ताद?”

“कॅरेज.”

“ह्या सायकलींना कॅरेज नसतं. लागत नाही. सगळं पिशव्यांत मावतं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग आत्याला कुठल्या पिशवीत घालणार?”

समोरच्या भिंतीवर चिमण्या भांडत होत्या. मन्मथनं त्यांच्याकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं, आणि शेवटी पुटपुटला की आत्यासाठी भाड्याची जीप सांगितली आहे, ती मागून येईल.

“मुराळी पुढं…” वस्ताद म्हणाले. “माहेरवाशीण मागनं. जीपनं.”

ते पुन्हा पायरीवर जाऊन बसले. अडकित्ता हातात घेतला. नवी सुपारी काढली.

मन्मथ त्या दिवशी रागानं घरी गेला. राग वस्तादांचा नव्हता. इतके महिने त्यानं चाकाची रुंदी बघितली, ब्रेक बघितले, दात्यांची चक्रं बघितली, वजन तर तोळ्यातोळ्यानं बघितलं. जिच्यासाठी सायकल घ्यायची तिला बसायला जागा आहे का, एवढंच बघितलं नव्हतं.

हलकी सायकल त्यानं दुसऱ्या दिवशी परत दिली. तिला कॅरेज लावायला भोकंच नव्हती. पोलादी सायकलीला ती होती, म्हणून तीच घेतली. आतापर्यंत ती भोकं त्याच्या लेखी नुसतं जास्तीचं वजन होती.

पण दुकानातलं कॅरेज नाजूक निघालं, काडीसारखं. पिशव्यांपुरतं ठीक. त्यावर माणूस बसवायचं म्हटल्यावर दुकानदाराला हसू आलं.

तेव्हा शांताक्का म्हणाली, माळ्यावर बघ.

माळ्यावर शिवाप्पाची काळी सायकल होती. चाकं गंजून एकजीव झालेली, साखळीचा गोळा झालेला. ती काही चालण्यातली नव्हती. पण कॅरेज होतं. जाड सळ्यांचं, मागची एक सळी खाली झुकलेली. मन्मथनं ते सोडवलं, घासलं, लोहाराकडं नेलं. लोहारानं जाड पट्ट्या वाकवून ते नव्या सायकलीला बसवलं आणि दोघं बाजूला होऊन बघत राहिले. शहरातल्या नव्या नवरीला कुणी खेड्यातली ठुशी घातल्यासारखं दिसत होतं.

“सळी सरळ करू का?” लोहार म्हणाला.

मन्मथ हो म्हणणार होता. का कोण जाणे, नको म्हणाला.

पंचमीच्या आदल्या दिवशी उजाडताना तो निघाला. तंबू नाही, स्टोव्ह नाही. कॅरेजवर शांताक्कानं घडी घालून बांधलेली वाकळ, आणि पिशवीत आत्याला लुगडं-खण.

डांबर संपलं. ते झाड आलं, जिथं त्यानं मोटार उभी केली होती. तिथं त्याला थांबावंसं वाटलं नाही. खडीवर चाक थरथरलं, मग वळणावर आलं. जड सायकल, पण वाट सोडत नव्हती.

होनवाडीत आत्याचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. पुढचं चाक उंबऱ्याला टेकेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

“आलास व्हय.”

“आलो, आत्या.”

“मोटार कुठाय?”

“मोटार नाही.”

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. उठली. मन्मथकडं न बघता सायकलीभोवती फिरली. एडक्याच्या शिंगांकडं बघून नाक मुरडलं. मग मागं आली, वाकळीचा कोपरा उचलला आणि हात आत घातला. बोटं सळीवरून जात जात त्या झुकलेल्या सळीशी थांबली.

“हे…”

आयुष्यात पहिल्यांदा मन्मथनं काही समजावून सांगितलं नाही.

“माझा थोरला पोटाशी होता,” आत्या मग म्हणाली, “आणि मांडीवर जोंधळ्याचं पोतं. आपल्या गावच्या ओढ्यात चाक आपटलं आणि हे वाकलं. तुझा बाबा गावभर सांगत सुटला, माझ्या बहिणीच्या वजनानं वाकलं म्हणून. पोत्याचं नाव एकदा काढलं नाही.”

आणि हसली. तोंडाला पदर लावून हसली, आणि तोच पदर डोळ्यांनाही लावला.

तिनं मुराळ्याच्या पायावर पाणी घातलं. घोंगडी टाकली. शेंगोळ्या केल्या, गोडाला गूळपोळी केली. जेवण झालं. बोचकं खुंटीवरून निघालं.

वेशीबाहेर मन्मथनं सायकल धरली आणि म्हणाला, बस आत्या, ह्या सायकलीला खडीचं काही वाटत नाही.

“खडीत बसायचं नसतं.”

“का?”

“चल तर.”

मग दोघं चालायला लागले. मधे सायकल, अल्याड भाचा, पल्याड आत्या. तिनं एक हात कॅरेजवर ठेवला होता, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. शिवाप्पा ह्या टप्प्यात कधी बसला नाही, तिलाही कधी बसवलं नाही, असं ती म्हणाली. वर्षाचं बोलणं ह्याच टप्प्यात व्हायचं. डांबर लागलं की वारा कानात शिरतो, मग काय ऐकू येणार.

आणि ती बोलत राहिली. ह्या सीताफळीखाली त्यानं पहिल्यांदा सांगितलं, मुलगा झाला म्हणून. तो तू. ह्या दगडावर बसून चटणी-भाकरी खायची, ठरलेलं. इथं एकदा मी रडले, सासूचं काहीतरी होतं, आता आठवतही नाही. तो काही बोलला नाही, नुसती घंटी वाजवत राहिला, ट्रिंग ट्रिंग, मला हसू येईस्तोवर.

मन्मथनं नव्या सायकलीच्या हँडलकडं बघितलं. घंटी नव्हती.

इतके महिने त्यानं जे जे वाचलं होतं, ते सगळं ह्या खडीच्या टप्प्यासाठी वाचलं होतं. आणि ह्या टप्प्यात सायकल नुसती बरोबर चालत होती.

डांबर लागल्यावर आत्या एका अंगानं कॅरेजवर बसली. मन्मथनं पायडल मारलं. पाठीवर तिचा हात टेकला.

“तुझ्या बाबाच्या सायकलीला एक खोड होती, बघ,” मागून आवाज आला. “मला आणताना कधी हवा गेली नाही. पंचमी झाली, बोचकं बांधलं, पोचवायला निघालं की चाक बसलेलं. दर वर्षी. मग आज नको, उद्या जाऊ. उद्या म्हणता म्हणता आठवडा जायचा. विचारलं की म्हणायचा, मी काय करू, रस्ताच तसला.”

मन्मथ पायडल मारायचा थांबला. उतार होता, सायकल आपली चालत राहिली.

“हवा कुणी काढायचं का, आत्या?”

“कोण काढतंय,” आत्या म्हणाली. “रस्ताच तसला.”

पंचमी झाली. फेर धरले, फुगड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बारसं. आत्यानं पोरीला पाळण्यात घातलं. पोर चांगली रांगती झालेली, पाळण्यात मावेना. सगळ्या बाया हसल्या. आत्या वाकली, कानाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं. बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, रीतीपेक्षा जरा जास्तच, इतक्या वर्षांचे राहिलेले. पोरीचं नाव शिवलीला ठेवलं. भावाचं नाव नातीच्या नावात घालून आत्या सरळ झाली, तेव्हा शांताक्कानं तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

होनवाडीत आत्याचं आता कुणी नव्हतं. आतोबा केव्हाच गेले, मुलं इचलकरंजीला. पण सवय वाईट. पंगत उठली तशी आत्या बोचकं बांधायला लागली. म्हणाली, मन्मथा, सकाळी पोचव बाबा मला, घराला कुलूप आहे.

मन्मथ बाहेर आला. दारात सायकल उभी होती. कट्ट्यावर वस्ताद बसले होते, ओंजळीत बारशाच्या घुगऱ्या घेऊन, एकेक दाणा तोंडात टाकत.

मन्मथ त्यांच्याकडं बघत उभा राहिला. वस्ताद त्याच्याकडं बघत नव्हते.

घरात शिवलीला कशाला तरी हसली. आत्या तिला काहीतरी सांगत होती, नाव घेऊन.

मन्मथ खाली बसला. चाकाची ती बारीक पितळी नळी शोधली. इवलासा आटा दोन बोटांनी फिरवला, आणि दाबला.

फुस्स…

“काय झालं रे?” आतून आत्याचा आवाज.

“हवा गेली, आत्या.”

“नवीनच आहे की सायकल…”

“काय करू,” मन्मथ म्हणाला. “रस्ताच तसला.”

मग बोचक्याची गाठ सुटल्याचा आवाज आला, आणि खुंटीला काहीतरी अडकवल्याचा. ते बोचकं त्या खुंटीवरून दसऱ्यापर्यंत उतरलं नाही, दिवाळीला उतरलं ते धुवायला. पुढं होनवाडीचं कुलूप वर्षातून एकदा उघडायला जायचं, एवढंच उरलं. तोडकरांच्या घरात पोरीला नाव होतं, पोरीला आत्याआजी होती, आणि दोन म्हाताऱ्या एका चुलीशी भांडत होत्या. ह्याहून भाग्य ते काय असतं.

पण त्या संध्याकाळी वस्तादांनी तळहातावरची शेवटची घुगरी तोंडात टाकली, हात झटकले, बसलेल्या चाकाकडं वाकून बघितलं.

“चांगली निघाली सायकल,” ते म्हणाले.